एक्स-रे स्वच्छ, तरीही धाप

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सादर नमस्कार. सहा महिन्यांपूर्वी आमच्या ह्यांची किडनी बदलली. ह्यांचं वय ४७. किडनी मीच दिली. घरी येताना अकरा प्रकारच्या गोळ्या होत्या. त्यातली एक अँटिबायोटिकची आहे, ती इतके महिने घेतली तर पोटाची वाट लागते, असं भाऊजी म्हणाले, म्हणून दीड महिन्यापूर्वी आम्ही ती बंद केली. आता दहा दिवस झाले, कोरडा खोकला आहे, संध्याकाळी कणकण येते आणि जिना चढला की धाप लागते. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. खोकल्याचं औषध चालू आहे. सासूबाई गुळवेलीचा काढा देऊ म्हणतात. नात्यातली एक नर्स म्हणाली, बुरशीचा न्यूमोनिया असू शकतो. आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आहे. त्यातून झालं असेल का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र अंक निघेपर्यंत थांबवून ठेवण्यासारखं नव्हतं. संपादकांकडून नंबर घेऊन मी त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, पण तुमच्या परवानगीनं इथे लिहिते, कारण तुमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत.

फोनवर मी एवढंच सांगितलं होतं, की कुणाकडचं तरी ऑक्सिमीटर आणा. यजमानांना बसवून रक्तातल्या प्राणवायूचा आकडा बघा, मग अंगणात मिनिटभर चालवून पुन्हा बघा. बसून ९५ होता, चालल्यावर ८७. रात्रीच गाडी करून तुम्ही त्यांना ऑपरेशन झालं त्या पुण्याच्या रुग्णालयात नेलंत. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत काचेवर वाफ धरावी तशी पांढुरकी छटा दिसली. दुर्बीण घालून फुप्फुस धुतलेल्या पाण्यात न्यूमोसिस्टिस नावाची बुरशी सापडली. तुमच्या नर्सताईंचा अंदाज बरोबर होता.

एक्स-रे स्वच्छ आणि माणूस धापा टाकतोय, हे या आजारात सुरुवातीला होतं. ही बुरशी फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांना आतून चिकटते आणि त्यांत फेसासारखा स्राव साचतो. बसल्या जागी शरीर भागवून नेतं, चार पावलं चालल्यावर प्राणवायू पुरत नाही. १९९०च्या दशकात मी मुंबईतल्या एका रुग्णालयात होते. तिथे एचआयव्ही झालेला एक तरुण ट्रक ड्रायव्हर असाच कोरडा खोकला घेऊन आला. एक्स-रे मला ठीक वाटला, मी त्याला घरी पाठवलं. चालवून बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी तो ओठ निळे पडलेल्या अवस्थेत परत आला आणि वाचला नाही. तेव्हापासून प्रतिकारशक्ती दबलेला कुठलाही रुग्ण खोकत आला, की मी आधी त्याला व्हरांड्यात चालवते.

आता त्या गोळीबद्दल. ती को-ट्रायमोक्साझोल, बरेच जण तिला सेप्ट्रान म्हणून ओळखतात. ती जंतूंवरची गोळी खरीच, पण तुमच्या घरी ती या बुरशीपासून राखण करायला दिली होती. ब्राझीलच्या कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये हा जीव पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्यांना तो दुसऱ्याच एका परजीवीचा भाग वाटला. ती बुरशी आहे हे १९८८ मध्ये जनुकांवरून कळलं. तरी ती चमत्कारिकच. इतर बुरशींच्या आवरणात एर्गोस्टेरॉल हे स्निग्ध द्रव्य असतं, त्यावरच फ्लुकोनाझोलसारखी बुरशीवरची औषधं मारा करतात. हिच्यात ते नाही, म्हणून ती औषधं इथे फुकट जातात आणि ही स्वस्तातली गोळी कामाला येते. किडनी बदलल्यावर बहुतेक ठिकाणी ती सहा महिने ते वर्षभर देतात. भाऊजींना दोष देऊ नका. घरी सोडताना कार्डावर त्या गोळीपुढे ‘फुप्फुसाच्या बुरशीसाठी, विचारल्याशिवाय बंद करू नये’ एवढं मराठीत लिहिलं असतं, तर तुम्ही ती थांबवली नसती. ते लिहायला हवं होतं, आम्हा डॉक्टरांनी.

संधिवातासाठी किंवा दुसऱ्या आजारासाठी महिनाभर वा जास्त रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) घेणाऱ्यांनीही या गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं. मात्र मेथोट्रेक्झेट हे संधिवातावरचं औषध चालू असेल तर ही गोळी मनानं मुळीच घेऊ नये. दोन्ही मिळून हाडांतल्या, रक्त तयार करणाऱ्या मगजावर घाव घालतात.

ओलीच्या भिंतीचा या आजाराशी संबंध नाही. न्यूमोसिस्टिस माणसांत राहते, हवेतून एकाकडून दुसऱ्याकडे जाते. धडधाकट माणसाला तिचा पत्ताही लागत नाही. पण भिंत दुरुस्त कराच. अ‍ॅस्परजिलस नावाची दुसरी बुरशी ओल, धूळ, पालापाचोळ्याचं खत यांत वाढते आणि तीही अशा फुप्फुसांत शिरते. ते काम चालू असताना यजमानांना दुसरीकडे राहू द्या. झाडलोट आणि कुंड्यांची माती त्यांच्या हाती नको.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण काढा नको. तुमची किडनी यजमानांच्या शरीरानं परकी म्हणून नाकारू नये, यासाठी त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवली आहे. ती जागी करायची नाही.

परवा तुम्ही फोनवर रडलात. क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) १.३ वरून १.६ झालं, माझी किडनी वाया गेली का, असं विचारलंत. आता उपचारासाठी मोठ्या मात्रेत चालू असलेल्या याच को-ट्रायमोक्साझोलनं किडनीला इजा न होताही तो आकडा थोडा चढतो. त्यांच्या डॉक्टरांचंही तेच मत आहे, रोजच्या तपासणीवर त्यांचं लक्ष आहे. पोटॅशियमही वाढतं, म्हणून भेटायला येणाऱ्यांनी आणलेलं शहाळं सध्या तुम्हीच प्या. औषधाचे एकवीस दिवस पुरे झाले, की राखणीची गोळी पुन्हा सुरू होईल. कधीपर्यंत घ्यायची, ती तारीख डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या.