नवा आयसी बसवूनही रॅम नापास का होते?

प्रश्न : आमच्या काकांनी वीसेक वर्षांपूर्वी मुंबईहून आणलेले बॅली कंपनीचे जुने पिनबॉल यंत्र आमच्या घरी तळमजल्यावर आहे. ते 1970 च्या दशकाच्या अखेरचे असावे. सुरू केल्यावर दिवे लागतात, पण गुणांचे आकडे उमटत नाहीत आणि खेळ सुरू होत नाही. मागच्या पेटीतील मुख्य बोर्डावरचा छोटा एलईडी आधी क्षणभर थरथरतो, नंतर दोनदा लुकलुकतो आणि थांबतो. एका दुरुस्तीवाल्याने 5101 हा मेमरीचा आयसी बदलून दिला, तरी फरक पडला नाही. आता तो बोर्डच टाकून द्या म्हणतो. काय करावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बोर्ड टाकू नका. आपण एलईडीची लुकलुक मोजून कळवलीत, त्यातच निम्मे निदान झाले आहे. त्या पिढीतील बॅलीची यंत्रे 6800 या प्रोसेसरवर चालतात. वीज आल्याबरोबर हा प्रोसेसर बोर्डावरच्या एकेका भागाची परीक्षा घेतो आणि भाग उत्तीर्ण झाला की एलईडी एकदा लुकलुकतो. पहिली लुकलुक रॉमची (खेळाचा प्रोग्राम जपणाऱ्या कायम मेमरीची), दुसरी यू-7 या जागेवरील 6810 रॅमची (चालू कामाचे आकडे ठेवणाऱ्या मेमरीची) आणि तिसरी यू-8 वरील 5101 रॅमची. अशा एकूण सात व्हायला हव्यात. आपल्याकडे तिसरी येत नाही, म्हणजे अडचण यू-8 पाशी आहे आणि दुरुस्तीवाल्याने निवडलेला आयसी बरोबरच होता. चूक झाली ती एवढीच, की परीक्षा त्या जागेची होते, निव्वळ आयसीची नव्हे, हे त्याने लक्षात घेतले नाही. आयसीपर्यंत वीज आणि संकेत पोहोचत नसतील, तर दहा नवे आयसी बसवले तरी ते नापासच होणार.

आता त्या जागेचे काय बिघडते ते पाहू. यंत्र बंद असतानाही उच्चांक आणि हिशेबाचे आकडे 5101 मध्ये टिकून राहावेत, म्हणून बोर्डावर 3.6 व्होल्टची, पुन्हा चार्ज होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. जुनी झाली की ती पाझरते आणि तिच्यातील अल्कली आजूबाजूचे तांबे खाऊ लागते. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत हे काम अधिकच वेगाने होते. गेल्या वर्षी माझ्यासमोर आलेल्या अशाच एका बोर्डावर वरून फक्त हिरवट पांढरी भुकटी दिसत होती. टाचणीने हलकेच खरवडले, तर खालचा ट्रॅक, म्हणजे वीज नेणारी तांब्याची बारीक रेघ, काळा पडून त्याचा चुरा हातात आला. त्या बोर्डावरही नवाकोरा 5101 ऐटीत बसलेला होता.

म्हणून आधी मल्टिमीटर घ्या. 5101 ला 22 पाय असतात. त्यांपैकी 8 वा पाय ग्राउंडचा आणि 22 वा पुरवठ्याचा. यंत्र चालू असताना या दोन पायांमधला दाब मोजा. येथील पुरवठा बॅटरीमुळे डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून) येतो, त्यामुळे तो 5 व्होल्टपेक्षा किंचित कमी दिसणे स्वाभाविक आहे. पण तो फारच कमी किंवा शून्य असेल, तर दोषी तो डायोड किंवा त्याच्याकडे जाणारा ट्रॅक समजा. मोजताना मागच्या पेटीत दुसरीकडे हात जाऊ देऊ नका, कारण आकड्यांच्या नळ्यांसाठी तिथे सुमारे 190 व्होल्ट खेळत असतात.

पुरवठा ठीक असेल, तर प्लग काढून, थोडा वेळ थांबून, यू-8 च्या प्रत्येक पायापासून प्रोसेसरपर्यंतचा मार्ग जोडलेला आहे का ते पाहा. या आयसीत चार बिटांच्या 256 जागा असतात, म्हणून त्याला पत्त्याच्या, म्हणजे कोणती जागा हवी ते सांगणाऱ्या, आठ तारा लागतात आणि प्रोसेसरच्या आठपैकी चारच डेटा तारा त्याच्याकडे जातात. यांतली एकही तुटली, तरी तिसरी लुकलुक येणार नाही. मीटरचे टोक सोल्डरवर नव्हे, तर आयसीच्या पायावरच टेकवा, म्हणजे सॉकेटचा ढिला स्पर्शही पकडला जातो. जुन्या सॉकेटचे पत्रे थकलेले असतात आणि मला तर त्यांच्यावरच पहिला संशय येतो.

बॅटरी अजून जागेवर असेल, तर आजच कापून काढा; खेळ तिच्याविना चालतो, फक्त उच्चांक टिकत नाहीत. गंजलेला भाग पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन टूथब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि पूर्ण वाळू द्या. उघड्या पडलेल्या तांब्यावर सोल्डरचा पातळ थर चढवा आणि तुटलेला ट्रॅक बारीक तारेने जोडा.

आयसी थेट बोर्डाला सोल्डर केलेला असेल आणि पुन्हा काढावा लागला, तर तो अख्खा उपटण्याचा मोह टाळा. आधी त्याचे पाय कापा आणि मग एकेक पाय तापवून काढा. आयसी पुन्हा मिळतो, पण पाय जिथे सोल्डर होतो ती बोर्डाची उचकटलेली गोल चकती मिळत नाही. त्या जागी गोल भोकांचे, घट्ट धरणारे सॉकेट बसवा. नव्या आयसीची खाच जुन्याच दिशेला हवी. 5101 हा सीमॉस जातीचा असल्यामुळे अंगातल्या स्थिर विजेने तो मरू शकतो. अर्थिंगचा पट्टा मनगटाला बांधूनच त्याला हात लावा. बाजारात जुने आयसी घासून, नवे क्रमांक छापून विकले जातात, तेव्हा शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या दुकानांतून एकेक घ्या. 5101 च्या जागी बॅटरीशिवाय उच्चांक टिकवणाऱ्या छोट्या आधुनिक पट्ट्याही मिळतात. यंत्र घरीच राहणार असेल, तर मी तीच बसवीन.

तिसरी लुकलुक दिसली की पुढच्या चार मोजा. कुठे अडली, तो आकडा कळवा. पुढचे निदान त्यावरून करता येईल.