चार्ट मी लिहायचा आणि बोलायचं मात्र त्याने?

प्रश्न : ताई, मी नववीत आहे, उदगीरजवळच्या गावात राहते. आमच्याकडे दोन माठ आहेत, एक यंदाचा आणि एक बराच जुना, आणि जुन्यातलं पाणी गारच होत नाही. असं का होतं यावर प्रोजेक्ट करू का असं सरांना विचारलं तर म्हणाले यात कसलं सायन्स, ज्वालामुखीचं मॉडेल कर. मागच्या वर्षी ग्रुप प्रोजेक्टचं सगळं काम मी केलं पण परीक्षकांपुढे बोलायला एका मुलाला उभं केलं, कारण तो डॅशिंग आहे म्हणे, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मी चार्ट लिहीत बसले. घरचे म्हणतात आता दहावीचं बघ. काय करू? नाव छापू नका.

उत्तर : नाव छापत नाहीये, निवांत राहा. आधी माठाचं बघू कारण मला तुझा प्रश्न जाम आवडलाय. सरांना वाईट वाटेल कदाचित, पण ज्वालामुखीत सोडा आणि व्हिनेगर टाकलं की फेस येणार हे प्रदर्शनाला आलेल्या प्रत्येकाला आधीच माहितीये, मग शोधायचं काय उरलं? तुझ्या माठाचं उत्तर अजून तुझ्याकडे नाहीये, म्हणूनच ते संशोधन.

माठाला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी पाझरतं, बाहेर येऊन उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडालं तर तेवढ्यावर अर्धा लिटर पाणी एका अंशाने गार व्हायला हवं, असा साधारण हिशोब आहे. आता तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर क्षार त्या छिद्रांत बसून पाझर कमी होत असणार. असणार म्हणतेय हं, तुझ्या माठाचं खरं काय ते तू तपासायचंस. दोन्ही माठ एकाच जागी, एकाच नळाचं मोजून सारखंच पाणी, आणि शेजारी तेवढंच पाणी भरलेली स्टीलची कळशी ठेव, म्हणजे माती नसेल तर काय होतं तेही कळेल. थर्मामीटर शाळेच्या लॅबमधून माग, तापाचा चालणार नाही, तो 35 च्या खालचं दाखवतच नाही. किराणा दुकानवाल्या काकांना गोड बोलून काटा मिळाला तर सकाळ-संध्याकाळ वजन कर, किती पाणी उडालं ते तिथेच सापडेल, फक्त घरात सगळ्यांना सांगून ठेव की या माठातलं कोणी पिऊ नका नाहीतर सगळा हिशोब पाण्यात!

एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नको, निदान पंधरा दिवस तरी घे. मग जुना माठ लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून स्वच्छ धुऊन परत तेच सगळं कर. फरक पडला नाही तर तसंच लिही, लपवू नको. आणि कोकणात कोणी मावशी-आत्या असेल तर तिच्या मुलीलाही करायला सांग, दमट हवेत पाणी उडतच नाही फारसं, त्यामुळे लातूर जिल्ह्यातला माठ आणि रत्नागिरीचा माठ यांची वही शेजारी ठेवली तर बघण्यासारखं असेल.

आता 'यात कसलं सायन्स' याचं उत्तर. अमेरिकेत कोलोरॅडोत एमिली रोझा नावाची चौथीतली मुलगी होती. तेव्हा तिकडे काही लोक म्हणायचे की आम्हाला हात न लावता माणसाची ऊर्जा जाणवते आणि त्यावर आम्ही उपचार करतो. हिने काय केलं, पुठ्ठ्याचा पडदा उभा केला, उपचार करणाऱ्याने पलीकडून दोन्ही हात घालायचे, हिने नाणं उडवून ठरवायचं की कुठल्या हातावर आपला हात धरायचा, आणि त्याने नुसतं सांगायचं, डावा की उजवा. 21 जण, 280 वेळा, त्यात बरोबर आलं 123 वेळा, म्हणजे 44 टक्के. डोळे मिटून ठोकून दिलं असतं तरी निम्मे बरोबर आले असते! शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी केलेला हा प्रयोग 1998 मध्ये 'जामा' या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. (आई नर्स होती, तिने मदत केली, पेपरवर तिचंही नाव आहे. मदत घेण्यात काही कमीपणा नसतो.)

बोलण्याचं मात्र मी जरा कडकच सांगणारे. सुंदर अक्षर म्हणून मुलींना चार्टला बसवायचं आणि माईक मुलाला द्यायचा हे शाळाशाळांतून चालतं आणि कोणाला त्यात काही वावगंही वाटत नाही. तू कामाला हात लावायच्या आधीच ग्रुपमध्ये सांग की ज्याने मोजलं तो बोलणार, चार्ट पाळीपाळीने. परीक्षक 'हे कसं मोजलंत?' असं विचारतात तेव्हा पाठ केलेलं भाषण कामाला येत नाही. घरी आजीला तीन मिनिटांत समजावून बघ, तिने मध्ये टोकलं की समज तिथे अडतंय.

दहावीचं म्हणशील तर रीडिंगला दिवसाची दहा मिनिटं लागतात, तेवढ्याने टक्के जात नाहीत. घरच्यांना हेही सांग की इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या योजनेत शाळेतून आयडिया पाठवता येते आणि निवड झाली तर 10000 रुपये थेट मुलांच्या खात्यात येतात. विज्ञान ज्योती ही योजना तर खास नववी ते बारावीच्या मुलींसाठी आहे, नवोदय विद्यालयांमार्फत चालते, मुख्याध्यापकांना विचारायला लाव.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, आम्ही नाशिकचे. गंगापूर धरणावर जाऊन ती दोन वर्षं पक्ष्यांची वही ठेवतेय. आता एकांचा मेसेज आलाय की पैसे भरा, आठवड्यात तिचा पेपर इंटरनॅशनल जर्नलमध्ये छापून सर्टिफिकेट देतो. भरू का?

उत्तर : अजिबात भरू नका ताई. चांगली जर्नल्स पेपर आधी जाणकारांकडे पाठवतात, त्यात महिने जातात, आणि नकारही येतो. फी काही खरी जर्नल्सही घेतात, पण छापूच याची गॅरंटी कोणी देत नाही. आठवड्यात म्हणजे धंदा. लहान मुलांचं काम गुणावर छापून येतं, 2010 मध्ये इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळेतल्या आठ ते दहा वर्षांच्या मुलांचा भुंग्यांवरचा पेपर 'बायॉलॉजी लेटर्स'ने छापला, आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या, तशाच.

वहीतल्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका, फुकट आहे, देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचे रिपोर्ट तिथल्याच नोंदींवरून बनतात. फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षीगणना असते, त्यात पंधरा मिनिटांची नोंदसुद्धा चालते. अकाउंट तुमच्या नावाने ठेवा आणि घराच्या गच्चीवरून पाहिलेले पक्षी टाकताना घराचं लोकेशन देऊ नका, जवळची एखादी सार्वजनिक जागा निवडा, कारण त्या नोंदी सगळ्यांना दिसतात.