स्वतःची शैली शोधणाऱ्या विद्यार्थिनीस

नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची चित्रे मिळाली. पत्राच्या शेवटी दोन ओळींत उरकलेला प्रश्नच मला तुझा खरा प्रश्न वाटतो. तुझी चित्रे तुझ्या सरांच्या चित्रांसारखी दिसतात, प्रदर्शनात लोकांनी तसे तोंडावर सांगितले, आणि शिक्षण संपत आले तरी स्वतःची शैली सापडत नसेल तर या क्षेत्रात राहावे का, असे तू विचारले आहेस. राहावे की नाही हे तूच ठरवायचे आहे. परंतु त्यासाठी तू दिलेले कारण मला पटलेले नाही.

एखाद्या सकाळी ऊन तापण्यापूर्वी पांडवलेण्यांवर जाऊन ये. शाळेच्या सहलीत तू ती पाहिली असशील, पण सहलीत लेणी कोणी पाहत नाही, सगळे लक्ष डब्यावर असते. या वेळी दहाव्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे अशी दोनच लेणी पाहा. दहावे लेणे शक राज्यकर्ता क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दानातून घडले, तर तिसरे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने भिक्षुसंघाला दिले. दोन्ही साधारण इ. स.च्या दुसऱ्या शतकातली मानली जातात आणि दोहोंच्या मध्ये एक युद्ध आहे, कारण गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला होता. म्हणजे जिंकलेल्या घराण्यासाठी लेणे कोरणाऱ्या कारागिरांसमोर हरलेल्या घराण्याचे लेणे नमुना म्हणून उभे होते, आणि त्यांनी तो नमुना बिनदिक्कत उचलला. ओसरीच्या खांबांची रांग, खांबांच्या माथ्यावरचे प्राणी, आत तिन्ही बाजूंना खोल्या असलेला प्रशस्त मंडप, सगळे ओळखीचे वाटेल. खांबांच्या घडणीत दहावे लेणेच सरस आहे, असे जाणकार सांगतात आणि मलाही ते मान्य आहे. पण तिसऱ्या लेण्यासमोर उभी राहिलीस की नजर खाली आण. ओसरीच्या पायाशी जमिनीतून अर्धवट वर आलेले सहा धिप्पाड यक्ष दिसतील. त्यांनी ओसरीच्या तुळया खांद्यावर घेतल्या आहेत, जणू अख्खे लेणे पालखीसारखे उचलून कुठेतरी न्यायचे आहे. हे यक्ष दहाव्या लेण्यात नाहीत. त्या कारागिरांच्या मनात काय होते हे सांगणारा लेख कुठे कोरलेला नाही, तरी मला असे वाटते की नमुना जिथे गप्प होता तिथे त्यांना स्वतः बोलावे लागले.

म्हणून सरांची छाप पुसून काढण्याच्या खटपटीत पडू नकोस. त्या खटपटीतून आलेली चित्रे मी बरीच पाहिली आहेत. ती सरांसारखी दिसत नाहीत हे खरे, पण कोणासारखीच दिसत नाहीत. शिवाजी तुपे यांची निसर्गचित्रे पाहत वाढलेल्या या गावात जलरंगाचा वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा थर, कोणाच्या ना कोणाच्या हातावरून पुढे येणारच, त्यात कमीपणा कसला? सरांची पद्धत तुला कुठे पुरी पडत नाही, ती जागा मात्र नेमकी हेरून ठेव.

तशी एक जागा तुझ्याच चित्रांत आहे. गोदाघाटाची बाकीची चित्रे सकाळच्या कोवळ्या उन्हातली आहेत. त्यांत प्रकाशासाठी कोरा कागद राखून ठेवण्याची सरांची हातोटी तू चांगली आत्मसात केली आहेस. पण एका चित्रात गोदेला पूर आला आहे. पूर किती चढला हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. गुडघ्याला लागला, कमरेला लागला, छातीला लागला, असे गावभर निरोप फिरतात. तुझ्या चित्रात पाणी छातीपर्यंत आहे आणि उन्हाचा कुठे मागमूस नाही, त्यामुळे राखून ठेवलेल्या कोऱ्या कागदाला काही कामच उरलेले नाही. मातकट पाणी रंगवताना तुझा हात अडखळला आहे, वॉशवर वॉश चढून रंग मळला आहे, आणि मागच्या देवळांच्या दगडाला तू ट्यूबमधला काळा रंग फासून मोकळी झाली आहेस. चित्र फसले आहे, यात वाद नाही. तरीही सगळ्या चित्रांत मी पुन्हा पुन्हा पाहिले ते हेच.

आता त्या दगडाविषयी. आपल्या घाटावरचा बेसाल्ट काळा म्हणून ओळखला जातो, पण तो नुसता काळा नसतो. कोरडा असताना तो करडा, उतरत्या उन्हात तपकिरी, आणि पावसाने भिजला की निळसर झाक असलेला गडद दिसतो. ट्यूबमधला काळा या सगळ्या छटा एकाच सपाट डागात बुडवतो. त्याऐवजी अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना एकत्र करून पाहा. भिजल्या दगडासाठी निळा थोडा अधिक, उन्हातल्या दगडासाठी तपकिरी अधिक. कागद जरा खरखरीत असेल तर अल्ट्रामरीनचे कण त्याच्या खळग्यांत उतरतात आणि दगडाचा पोत आपोआप उमटतो, कुंचल्याने खवले काढत बसावे लागत नाही. पैसे कमी असतील तर रंगांत काटकसर कर, कागदात करू नकोस. ३०० जीएसएमचा जाड सुती कागद भरपूर पाणी झेलतो. पातळ कागद पहिल्याच ओल्या वॉशला फुगतो आणि त्याचा दोष तू स्वतःच्या हाताला देत बसतेस.

वर्षभर गंगेवरची, म्हणजे आपल्या गोदाकाठची, एकच जागा धर. एप्रिलमध्ये वॉश कागदावर ठेवताक्षणी वाळू लागतो, त्यामुळे आधी ठरवून झटपट लावावा लागतो. श्रावणात तो वाळता वाळत नाही, त्यामुळे थांबावे लागते. बुधवारी बाजार भरतो तेव्हा बसायला जागासुद्धा मिळणार नाही, तेव्हा उभ्यानेच रेखाटने कर. या अडचणींना सरांकडे तयार उत्तरे नसतील, कारण त्यांनी सकाळचा घाट निवडला होता. तुला सुचलेली उत्तरे, वेडीवाकडी का असेनात, तुझी असतील.

पत्रात तू फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या कामाचा उल्लेख जरा शरमून केला आहेस. आपल्या त्र्यंबकला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांकडे पाहा. मुंबईत आणि बडोद्याला कलाशिक्षण, मग छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यात नकाशे-आराखडे काढण्याची नोकरी, छपाईचा व्यवसाय, शिवाय जादूचे प्रयोग. पहिला कथापट १९१३ साली प्रदर्शित झाला तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते, आणि आधी केलेल्या बहुतेक उद्योगांचा त्यात उपयोग झाला. त्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस थोडी थोडी टिपून तिचा छोटा चित्रपट केला होता; भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून हा खटाटोप होता. तेव्हा पत्रिकेवरची अक्षरे मन लावून बसव. रिकाम्या जागेचा तोल तिथेही शिकता येतो.

इन्स्टाग्रामविषयी विचारलेस म्हणून एवढेच सांगतो की पुराचे चित्र जमेपर्यंत तिथे टाकू नकोस. सकाळच्या उन्हाला पसंती भरपूर मिळते आणि माणूस नकळत तेच पुरवू लागतो.

दिवाळीनंतर घरी ये. येताना निवडलेली चित्रे आणलीस तरी चालतील, पण फसलेली सगळी आण, पाठकोरी वापरलेलीसुद्धा, आणि प्रत्येकामागे तारीख व वेळ लिहून ठेव, म्हणजे कोणत्या प्रकाशात हात कुठे अडला ते आपल्याला शेजारी शेजारी मांडून पाहता येईल.

तुझा,
एक जुना चित्रकार