वॉर्डनने नकार दिला, आता थेट कोर्टात गेलं तर चालेल का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या जेलमध्ये आहे. त्याला डायबेटिस आहे. एका जेलमधून दुसऱ्या जेलमध्ये ट्रान्सफर झाल्यावर त्याच्या गोळ्या बंद झाल्या, आता पायाला सारख्या मुंग्या येतात म्हणतो. काउन्सेलरला, म्हणजे तिथे कैद्यांची कामं बघणाऱ्या कर्मचाऱ्याला, दोनदा तोंडी सांगून झालं, मग फॉर्म भरून तक्रार केली तर वॉर्डनचं, म्हणजे जेलच्या मुख्य अधिकाऱ्याचं, उत्तर आलं की मेडिकलवाल्यांचा निर्णय योग्य आहे. भाऊ म्हणतो बास झालं, आता सरळ केस टाकतो. एका वकिलांनी फोनवर सांगितलं की आधी सगळं 'एक्झॉस्ट' करा, नाहीतर केस उभीच राहणार नाही. म्हणजे नक्की काय करायचं? आणि त्याच्या वतीने मी अर्ज पाठवला तर चालेल का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, वकील बरोबर बोललेत, भावाला आधी थांबवा. अमेरिकेत १९९६ मध्ये प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्ट आला, त्यात असं आहे की जेलमधल्या वागणुकीबद्दल किंवा परिस्थितीबद्दल कैद्याला फेडरल कोर्टात जायचं असेल तर जेलच्या आतली तक्रारीची जी व्यवस्था आहे ती आधी शेवटच्या पायरीपर्यंत वापरून संपवायची, एक्झॉस्ट म्हणतात ते हेच. 'मला भरपाई पाहिजे, ती जेलवाले देणारच नाहीत, मग तक्रार कशाला' असंही म्हणता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००१ मध्येच ते सांगून ठेवलंय. २००६ चा निकाल त्याहून कडक आहे. कॅलिफोर्नियातला एक कैदी होता, त्याच्या जेलमध्ये तक्रारीला मुदत १५ कामाच्या दिवसांची आणि त्याने अर्ज दिला साधारण सहा महिन्यांनी, जेलने उशीर झाला म्हणून परत केला आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुदत चुकली म्हणजे एक्झॉस्ट झालंच नाही. मला हे अजिबात पटत नाही, आजारी माणसाने दिवस मोजत बसायचं आणि एक दिवस चुकला की त्याचं दुखणं कोणी ऐकायचंही नाही, पण नियम आहे तो आहे आणि भावाला त्यातूनच जायचंय.

फेडरल जेलमधल्या पायऱ्या अशा, बीपी-८, बीपी-९ ही त्या तक्रारीच्या फॉर्मांची नावं. पहिली बीपी-८, म्हणजे स्टाफशी बोलून आपसात मिटवायचा प्रयत्न. मग बीपी-९ वॉर्डनकडे, तो घटना घडल्यापासून २० दिवसांत द्यायचा आणि हे २० दिवस बीपी-८ चा वेळ धरून असतात, तिथेच बरेच जण फसतात कारण काउन्सेलर 'बघतो बघतो' म्हणत राहतो आणि दिवस निघून जातात. भावाची ही पायरी झालेली दिसतेय. आता बीपी-१० रीजनल डायरेक्टरकडे, म्हणजे त्या विभागातल्या जेलांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, आणि तिथेही नकार आला तर बीपी-११ वॉशिंग्टनच्या सेंट्रल ऑफिसमध्ये जनरल कौन्सेलकडे, म्हणजे जेल खात्याच्या मुख्य वकिलाकडे. बीपी-११ चं उत्तर आलं की आतला रस्ता संपला, मग कोर्ट.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बीपी-१० ला मुदत २० दिवसांची आहे पण ते दिवस उत्तर भावाच्या हातात पडलं तेव्हापासून मोजत नाहीत, वॉर्डनने ज्या तारखेला सही केली तेव्हापासून मोजतात. समजा ३ तारखेला सही झाली आणि कागद १२ ला मिळाला, तर ९ दिवस गेलेच. वर पुन्हा अपील दाखल झालं कधी, तर त्या ऑफिसच्या रेकॉर्डला त्याची नोंद झाली तेव्हा, पोस्टात टाकलं तेव्हा नाही. म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. कागद स्टाफने उशिरा दिला असेल किंवा मध्येच ट्रान्सफरमध्ये दिवस गेले असतील तर ते कारण लिहून मुदतवाढ मागता येते, स्टाफकडून उशीर झाल्याचं लेखी मिळालं तर फारच चांगलं. बीपी-११ ला ३० दिवस, तेही सहीपासूनच.

माझ्या ओळखीतल्या एका घरात असंच झालं होतं, मुलाने रीजनला अपील पाठवलं, तीन आठवड्यांनी पाकीट जसंच्या तसं परत आलं आणि वर एक चिठ्ठी, बीपी-९ आणि वॉर्डनच्या उत्तराची कॉपी जोडलेली नाही. एवढ्यासाठी. तो तर सोडूनच देणार होता, पण असं परत आलं तर दुरुस्त करून द्यायला वेळ देतात, चिठ्ठीवरच लिहिलेलं असतं. म्हणून बीपी-१० ला बीपी-९ आणि त्याचं उत्तर जोडायचंच, बीपी-११ ला खालचे दोन्ही फॉर्म उत्तरांसकट. फॉर्मवर जागा कमी पडली तर जास्तीचं एकच पान चालतं. आणि खाली जे लिहिलं नव्हतं ते वर नव्याने घालता येत नाही, त्यामुळे बीपी-९ मध्ये फक्त गोळ्यांचं लिहिलं असेल आणि पायाच्या मुंग्यांचं नसेल तर त्यासाठी मुदत बघून वेगळा बीपी-९ टाकायला सांगा. तब्येतीला लगेच धोका आहे असं वॉर्डनला पटलं तर तीन दिवसांत उत्तर द्यावं लागतं, शुगर फार वर गेली असेल तर आकड्यांसकट तसं स्पष्ट लिहू दे.

त्यांनाही मुदत आहे, वॉर्डनला २० दिवस, रीजनला ३०, सेंट्रलला ४०, आणि प्रत्येकाला एकदा वाढवून घेता येते. मुदतीत उत्तर आलंच नाही तर तो नकार समजून पुढची पायरी चढायची, महिनोन्महिने वाट बघत बसायचं नाही.

तुम्ही अर्ज पाठवला तर चालत नाही. लिहायला मदत तुम्ही करू शकता, वकील करू शकतो, दुसरा कैदीही करू शकतो, पण द्यायचा त्यानेच. मजकूर पत्रातून कळवा, सोपा ठेवा: तारीख, काय झालं, कोणाला सांगितलं, काय पाहिजे. प्रत्येक कागदाची नक्कल स्वतःकडे ठेव म्हणावं, झेरॉक्स मिळाली नाही तर हाताने उतरवून.

स्टाफने फॉर्मच दिले नाहीत, धमकावलं, खोटं सांगून अडवलं तर २०१६ च्या निकालाप्रमाणे तो रस्ता 'उपलब्ध'च नव्हता, म्हणून संपवायचा राहिला, असं कोर्टात म्हणता येतं. पण त्यासाठी कधी मागितला, कोणाकडे मागितला, काय उत्तर मिळालं हे त्याच दिवशी लिहिलेलं पाहिजे, मागाहून आठवून सांगितलेलं फारसं टिकत नाही.

सरकारच्या हलगर्जीपणाबद्दल पैसे मागायचे असतील तर तो रस्ता वेगळा, त्याला फॉर्म ९५ लागतो, मुदत दोन वर्षांची. हे बीपीच्या फॉर्मांनी भागत नाही, तेव्हा वकिलांना ते आत्ताच विचारून ठेवा.

आणि भावाशी पुढच्या वेळी बोलणं होईल तेव्हा बाकी सगळं नंतर, पहिल्यांदा एवढं विचारा की वॉर्डनच्या सहीखाली तारीख कुठली आहे.