घोडा एफ७ वर पडला की आमचा डाव संपतो

प्रश्न: मुलगा ११ वर्षांचा, बुद्धिबळाच्या टूर्नामेंट खेळतो. काळे मोहरे आले की ई४ ला ई५ (अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या ओळीचा), दोन्हीकडचे घोडे निघतात, पांढऱ्याचा उंट सी४ वर, हा दुसरा घोडा एफ६ ला काढतो आणि लगेच पांढरा घोडा जी५ वर, पुढे एफ७ चं प्यादं खाऊन राजा उघडा. दरवेळी हेच होऊन राहिलंय. बाबा म्हणतात सिसिलियन (ई४ ला सी५ करून सुरुवात) शिक, आजोबा म्हणतात प्यादी एकेक घर सरकव. कुणाचं ऐकायचं?
– एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, सध्या कुणाचंच नका ऐकू, ई५ च राहू द्या. हा फ्राइड लिव्हर अटॅक, इटलीचा जुना खेळाडू पोलेरिओ याच्या काळापासून म्हणजे ४०० वर्षं लोक यात अडकतायत. सुरुवातीला एफ७ ला एकटा राजाच राखतो, त्यावर उंट आणि घोडा दोघं टपले की काळ्याने डी५ करून उंटाची वाट अडवायची, इथपर्यंत पोरगा बरोबरच खेळत असणार. पांढरा ते प्यादं मारतो आणि मग हात आपोआप एफ६ च्या घोड्याकडे जातो, परत मारायला. तिथेच घात! घोडा एफ७ वर पडतो, राजाने तो खाल्ला की वजीर एफ३ वरून शह देतो आणि डी५ चा घोडाही धरतो, तो वाचवायला राजा ई६ वर, भर चौकात. कॉम्प्युटर तिथूनही बचाव काढेल, घड्याळ चालू असताना ११ वर्षांचं पोर कुठून काढणार.

त्याऐवजी सी६ चा घोडा ए५ ला, थेट उंटावर. प्यादं गेलं तर जाऊ दे, पुढे एच६ आणि ई४ करत पांढरा घोडा हाकलत राहायचं, आपले मोहरे भराभर बाहेर येतात. हे जड वाटलं तर तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट सी५ ला काढा, वजिराची वाट मोकळी राहते, पांढरा घोडा जी५ वर आला की फुकटात मारायचा.

सिसिलियन चांगलंच आहे, पण चालींच्या लाइनी पाठ करण्यात वर्ष जाईल. आजोबांना मात्र हसू नका हं. देशी नियमात प्यादं एकच घर जायचं, म्हणून जी६ करून उंट जी७ ला बसवायची सवय, १८५० च्या सुमारास कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी हे बंगाली खेळाडू कॉक्रेन या ब्रिटिश साहेबाशी तसंच खेळायचे आणि आज त्याच जातीचं किंग्ज इंडियन ओपनिंग ग्रँडमास्टर खेळतात. तर आजोबांनाच पांढरी बाजू द्या, दर डावात घोडा जी५ वर आणायला सांगा, आणि मुलाने एफ६ च्या घोड्याला हात लावला की शिवलं ते चालवायचं हा नियम घरातही लावा.