हिमिको घेताय? आधी पार्किंगची पट्टी मोजा

जपानात नागोयाला राहून जुनी हिमिको घ्यायची, पुढे ती पुण्याला न्यायची, अशी तुमची पोस्ट पाहिली. हिमिको म्हणजे माझदाच्या रोडस्टर या छोट्या उघड्या गाडीवर मित्सुओका ही जपानी कंपनी बनवते ती गाडी. "सध्या माझी माझदा रोडस्टर उभी असते तिथेच हिमिको लावेन, खालून गाडी तीच तर आहे" हे तुमचं वाक्य वाचलं आणि चार वर्षांपूर्वीचा मी आठवलो. हेच शब्द मी बायकोला ऐकवले होते, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

खाली माझदाच आहे, हे खरंच. 2018 नंतरच्या हिमिकोत 1.5 लिटरचं इंजिन, पुढची काच, कापडी छत, आतला डॅशबोर्ड सगळं रोडस्टरचं. पण मित्सुओकावाले जपानमधल्या तोयामात दार आणि पुढचं चाक यांच्या मध्ये सुमारे 60 सेंटिमीटर घालतात आणि वरून स्वतःचे पत्रे चढवतात. तिथेच ते जुन्या इंग्लिश गाडीचं लांब नाक येतं, ज्याच्यावर आपण दोघंही भाळलो. मूळ रोडस्टर 3,915 मिलिमीटर. हिमिको साडेचार मीटरच्या पुढे जाते.

माझी जागा बिल्डिंगमधली, छोट्या गाड्यांसाठी आखलेली. रोडस्टर निवांत मावायची. हिमिकोचा सौदा झाला, इसारा दिला आणि पार्किंगच्या संमतीपत्रासाठी बिल्डिंग सांभाळणाऱ्या ऑफिसात गेलो. त्यांनी लांबी विचारली नाही, मीही सांगितली नाही. शिक्का मिळाला, मी खूश. पोलिसांकडे शाको शोमेईचा, म्हणजे गाडी लावायला जागा असल्याच्या दाखल्याचा, अर्ज भरताना मात्र लांबी-रुंदी लिहावीच लागते. गाडी पूर्ण जागेत मावली पाहिजे, नाक रस्त्यावर आलेलं चालत नाही. अर्ज परत आला. तो दाखला नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर गाडी विक्रेत्याच्या आवारात पडून.

चूक माझीच, कबूल. पण त्या ऑफिसाने पुढे जे केलं त्याला तोड नाही. मोठी जागा रिकामी दिसत होती, डोळ्यांसमोर. "विचारून कळवतो." मग "संबंधित माणूस आज नाही." मग "समितीची बैठक झाली की." वाकून नमस्कार दर वेळी, उत्तर कधीच नाही. सात आठवडे! आवाराचं भाडं विक्रेत्याने लावलं, जुन्या जागेचं भाडं चालूच. शेवटी घरापासून दीड किलोमीटरवर उघड्या मैदानातली पार्किंगची जागा घेतली. घरापासून सरळ रेषेत 2 किलोमीटरच्या आतली जागा चालते, हे मला पहिल्याच दिवशी माहीत असतं तर एवढी चप्पल झिजली नसती. (मी काही वकील नाही. तुमच्या नागोयातल्या पोलीस ठाण्यात एकदा विचाराच.)

तेव्हा इसारा देण्याआधी टेप घेऊन खाली उतरा. आणि संमतीपत्र मागताना लांबी स्वतःहून लिहून द्या, कोणी विचारायची वाट पाहू नका.

दुसरं, हे माझं मत, पटलं तर घ्या. तुम्हाला घाटातली वळणं मारायची असतील तर हिमिको घेऊ नका. नवी घेतली तर किंमत रोडस्टरच्या जवळपास दुप्पट, आणि एवढं लांब नाक घेऊन वळायलाही जास्त जागा लागते. अरुंद गल्लीच्या तोंडाशी तर तुम्ही इतके मागे बसलेले असता, की आडवी सायकल दिसेपर्यंत नाक निम्म्या रस्त्यात. ही गाडी संथ चालवायची आणि पेट्रोल पंपावर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मला ते आवडतं. तुम्हाला आवडेल का, हे स्वतःला विचारा. पुढचा मडगार्ड घासला तर तो माझदाच्या दुकानात मिळणार नाही, हेही धरून चाला.

पुण्याला नेण्याचं म्हणाल तर नाद सोडा. भारतात जुनी गाडी आणायची तर ती बनून तीन वर्षांहून जास्त झालेली चालत नाही. शिवाय कर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतात. तुमच्या पोस्टमधली गाडी पाच वर्षांची आहे.

आणि हो, बघायला जाल तेव्हा सीटच्या मागे, छत दुमडतं तिथले कोपरे तपासा. पाणी जायची भोकं पानांनी तुंबतात, मग पावसाळ्यात गालिचा भिजतो. ही खोड रोडस्टरकडूनच आलेली आहे.