दहा बाय दहाच्या खोलीसाठी मॉनिटर स्पीकर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि गाण्यांच्या मिश्रणासाठी, म्हणजे त्यांतील वेगवेगळ्या आवाजांचा तोल साधण्यासाठी, घ्यायच्या मॉनिटर स्पीकरची यादी मिळाली. पाच इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या पडद्याचे) दोन जोड, साडेसहा इंचीचा एक आणि आठ इंचीचा एक, असे चार पर्याय तू लिहिले आहेस आणि अंदाजपत्रकातील सर्व रक्कम त्यांतील सर्वांत मोठ्या जोडावर खर्च करण्याकडे तुझा कल दिसतो. तसे करू नकोस. स्पीकरच्या रकमेतला निदान चौथा हिस्सा खोलीसाठी राखून ठेव आणि उरलेल्या पैशांत बसेल तो पाच इंची जोड घे. असे का म्हणतो, ते जरा विस्ताराने सांगतो.

तुझी खोली दहा बाय दहा फुटांची आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी लहर नेमकी मावते, तो स्वर त्या खोलीत साठून राहतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला आणि १० फूट म्हणजे ३.०५ मीटर घेतले, तर हा स्वर सुमारे ५७ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५७ कंपनांवर, येतो. त्यानंतर ११३ आणि १७० हर्ट्झवर त्याचे वरचे भाऊबंद येतात. खोलीची लांबी आणि रुंदी सारखीच असल्याने दोन्ही दिशांचे हे स्वर एकाच जागी पडतात आणि त्रास दुप्पट होतो. तुझ्या गाण्यांत डग्गा आहे, ढोलकी आहे आणि सिंथेसायझरचा खर्जही आहे. डग्ग्याची घुमारी साधारण याच पट्ट्यात येते आणि काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मंद्र षड्ज (खालच्या सप्तकातला सा) ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे तुझ्या संगीताचा जो भाग सर्वांत जपून तोलायला हवा, नेमक्या त्याच भागात तुझी खोली सर्वांत जास्त ढवळाढवळ करते.

खोलीच्या बरोबर मध्यावर खुर्ची टाकून बसलास तर ५७ हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येणार नाही आणि ११३ हर्ट्झ मात्र फुगलेला वाटेल. डग्गा हलका वाटतो म्हणून तू तो वाढवशील आणि तेच मिश्रण दुसऱ्याच्या गाडीत वाजले की डग्ग्याखाली गायकाचा आवाज दबून जाईल. आठ इंची वूफर घेतल्याने ही अडचण वाढते, कारण तो खालचे स्वर अधिक जोराने खोलीत सोडतो. यामाहाच्या एचएस मालिकेचेच उदाहरण घे: कंपनीच्या आकड्यांप्रमाणे पाच इंची एचएस ५ हा ५४ हर्ट्झपर्यंत उतरतो आणि आठ इंची एचएस ८ हा ३८ हर्ट्झपर्यंत. मोठ्या, आवाज शोषणारे थर नीट लावलेल्या दालनात हा फरक मोलाचा ठरेल. तुझ्या खोलीत मात्र त्या जास्तीच्या खर्जाचे काय होते, हे भिंतीच ठरवतील.

हे आकडे वाचतानाही एक काळजी घे. वर दिलेले दोन्ही आकडे आवाज १० डेसिबलने घटतो त्या टोकापर्यंतचे आहेत, तर काही कंपन्या ३ डेसिबलपर्यंतच्या घटीचा आकडा छापतात. कोणत्या घटीपर्यंतचे मोजमाप आहे हे पाहिल्याशिवाय दोन कंपन्यांचे आकडे शेजारी मांडून तुलना करू नयेच.

आता स्पीकरच्या जागेविषयी. या बाबतीत मी आग्रही आहे. स्पीकरच्या मागे गेलेला खर्ज भिंतीवर आपटून परत येतो आणि एका ठराविक स्वरावर समोरच्या आवाजाला खोडून टाकतो. स्पीकरची पुढची बाजू भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर ही खोड (आवाज खोडला जाण्याची जागा) सुमारे १४४ हर्ट्झवर पडते आणि एक मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झवर. दोन्ही जागा तुझ्या कामाला मारक आहेत. म्हणून स्पीकरच्या पाठीमागे फक्त १० सेंटिमीटर जागा सोड. एवढ्या जवळ पाच इंची स्पीकर ठेवला की खोड २७० हर्ट्झच्या आसपास सरकते आणि त्या स्वराला भिंतीवर लावलेला चार इंच जाडीचा रॉकवूलचा (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचा) थर बराचसा शोषून घेतो. भिंत जवळ आल्याने खर्ज थोडा फुगेल. त्यासाठीच बऱ्याच स्पीकरच्या पाठीवर खर्ज कमी करण्याचे बटण असते. एचएस ५ वर ते ५०० हर्ट्झच्या खाली २ किंवा ४ डेसिबलने आवाज उतरवते. तुझ्या यादीतील ज्या जोडाला असे बटण नाही, तो जोड यादीतून काढून टाक. पेटीतली हवा आत-बाहेर करणारे भोक पुढे असलेला स्पीकर भिंतीजवळ ठेवायला अधिक सोयीचा पडतो, हे खरे; तरी केवळ तेवढ्यासाठी चांगला जोड नाकारू नकोस.

दोन स्पीकर आणि तुझे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, प्रत्येक बाजू साधारण १.१ मीटरची. ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीवर हवा. या मांडणीत तुझे कान समोरच्या भिंतीपासून सव्वा मीटरच्या आसपास येतील, म्हणजे खोलीच्या मध्याच्या अलीकडे. डाव्या-उजव्या भिंती दोन्हीकडे सारख्याच अंतरावर ठेव. तुझे कपाट एका बाजूला असेल तर ते पाठीमागच्या भिंतीकडे हलव.

राखून ठेवलेल्या पैशांतून ४८ किंवा ६४ किलो प्रति घनमीटर घनतेचे रॉकवूल घे, लाकडी चौकटीत बसव आणि त्यावर सुती कापड ताण. पहिल्या चौकटी कोपऱ्यांत, जमिनीपासून छतापर्यंत उभ्या कर. नंतर स्पीकरच्या मागे आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर. हाताळताना हातमोजे आणि मास्क वापर. एक इंची फोमचे तुकडे आणि अंड्यांचे ट्रे यांवर एक रुपयाही घालवू नकोस. ५७ हर्ट्झची लहर सहा मीटर लांब असते. एवढ्या पातळ थराचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही, उलट वरचे स्वर तेवढे मरतात आणि खोली अधिकच कोंदट वाटते. भिंतीशी उभी केलेली कापसाची जाड गादी त्यापेक्षा पुष्कळ उपयोगी.

सॉफ्टवेअरने खोली दुरुस्त करता येईल का, असे तू विचारले आहेस. फुगलेला स्वर त्याने उतरवता येतो. खोडला गेलेला स्वर मात्र कितीही वाढवला तरी भरून येत नाही, कारण आवाज वाढवला की त्याला खोडणारा परावर्तित आवाजही तेवढाच वाढतो. खोलीतला आवाज मोजण्यासाठी मात्र रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक मोजणीचा माईक जरूर वापर.

नावाजलेल्या मॉनिटरच्या मोहाविषयी थोडे लिहितो. यामाहाचा पांढऱ्या वूफरचा एनएस १० हा १९७८ मध्ये घरगुती संगीत ऐकण्यासाठी बाजारात आला होता. पुढे जगभरच्या स्टुडिओंनी तो स्वीकारला आणि २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्याचा खर्ज तोकडा होता, पण हवेचे भोक नसलेल्या बंद पेटीमुळे आघात संपताच आवाजही चटकन थांबत असे, त्यामुळे तबल्याच्या बोलासारख्या आघाती आवाजाचा तोल त्यावर स्पष्ट कळे. दुकानात ऐकताना हाच गुण शोध. डग्ग्याची घुमारी आणि किनारीची टणक चाट वेगवेगळी ऐकू येते का, गायकाचा आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा राहतो का, हे पाहा. ऐकायला स्वतःची आणि वर्षानुवर्षे कानांत बसलेली ध्वनिमुद्रणे घेऊन जा आणि सर्व जोड एकाच पातळीवर वाजवायला सांग. किंचित मोठा वाजणारा जोड नेहमीच अधिक चांगला भासतो.

जोडणी संतुलित (बॅलन्स्ड, बाहेरची विद्युत गुणगुण कमी पकडणाऱ्या) केबलने कर. गुणगुण ऐकू आली तर अर्थिंग तपासून घे. काहीजण प्लगची तिसरी (अर्थिंगची) पिन काढून टाकतात, ते जिवावर बेतू शकते. रोजचे काम ७५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून हळू कर. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि मिश्रणाचे काम करणाऱ्याचे तास बघता बघता वाढतात. शेजाऱ्यांचाही विचार हवा. रात्री उशिरा हेडफोनवर काम कर आणि खर्जाचा शेवटचा निर्णय काही महिने तरी स्पीकर व हेडफोन या दोन्हींवर ऐकूनच घे.

छताची उंची, खिडकी आणि दार कोणत्या भिंतीत आहेत, हे तू लिहिलेले नाहीस. ते कळव, म्हणजे टेबल कोणत्या भिंतीकडे लावायचे ते मला सांगता येईल. तोपर्यंत दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊ नकोस.

कळावे, लोभ असावा.